दुसऱ्याच्या गोलवर उडी मारायला संघ कसे शिकले

सहखेळाडूच्या यशाने खूश होणं हा मनाच्या मोठेपणाचा भाग समजला जातो. प्रत्यक्षात त्यात नियमांचा आणि धावफलक लिहिणाऱ्याचा हातही बराच आहे.

१८६३च्या फुटबॉल नियमांत चेंडूच्या पुढे असलेला खेळाडू ऑफसाइड होता, म्हणजे त्याला खेळात भाग घेता येत नसे. पुढे पास देण्याची सोयच नव्हती. एकाने ड्रिब्लिंग करत, म्हणजे पायाने चेंडू ढकलत घुसायचं, बाकीच्यांनी सुटलेला चेंडू टिपायला मागून धावायचं. १८६६मध्ये पास घेणारा आणि गोल यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असतील तर पुढचा पास चालू लागला. १८७२मध्ये ग्लासगोत, पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, स्कॉटलंडने पासिंगच्या जोरावर ड्रिब्लिंगवाल्या इंग्लंडला ०-० असं रोखलं.

पास आला, पण त्याची नोंद कुठे होती? क्रिकेटमध्येही अशीच गंमत होती. अठराव्या शतकातल्या धावफलकांत झेलबाद फलंदाजापुढे फक्त झेल घेणाऱ्याचं नाव असे. गोलंदाजाच्या वाट्याला त्रिफळा तेवढा. आज दोघांचीही नावं लागतात. आइस हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने १९१७-१८चा पहिला मोसम असिस्ट (गोल घडवणारे पास) न मोजताच काढला, पुढच्या मोसमापासून ते मोजले. आता एका गोलमागे दोघांपर्यंत श्रेय मिळतं. २०१०च्या फुटबॉल विश्वचषकात चौघांचे पाच-पाच गोल झाले, तेव्हा तीन असिस्टमुळे सर्वाधिक गोलचा गोल्डन बूट जर्मनीच्या थॉमस म्युलरला मिळाला.

नोंद झाली तरी आनंद आपोआप येत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ (१९६१ ते १९९७) यांनी त्याची सवयच लावली: बास्केट झाली की बचावाला परतताना पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, आणि बदली होऊन बाहेर येणाऱ्यासाठी बाकावरच्या सगळ्यांनी उभं राहायचं. हे तिथल्या तिथे व्हावं लागतं. टाइमआउटमध्ये, म्हणजे खेळ थोडा थांबवल्यावर, प्रशिक्षकाने कौतुक केलं तर ती शाबासकी होते. खेळाडूने खेळाडूला दिलेली पावती राहत नाही.

घोडं अडतं ते बहुधा एकाच जागी. अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार जवळच्या माणसाचं यश आपल्याच क्षेत्रातलं असेल तर टोचतं, वेगळ्या क्षेत्रातलं असेल तर मिरवावंसं वाटतं. म्हणून राखीव गोलरक्षक स्ट्रायकरच्या गोलवर मनापासून नाचतो, पण पहिल्या गोलरक्षकाने पेनल्टी अडवली की त्याच्या टाळ्या अर्ध्या सेकंदाने उशिरा पडतात. या राखीव गोलरक्षकाला सामन्याआधीच्या सरावात पहिल्याकडून किक अडवून घ्यायचं, प्रतिस्पर्ध्यांच्या पेनल्टीच्या दिशा टिपायचं काम दिलं, तर अडवलेल्या त्या किकमध्ये त्याचाही हात असतो.