वन्यजीव चित्रण (कोकण)

वन्यजीव चित्रण (कोकण) : कोकण किनाऱ्यावरचे पक्षी, मासे, साप, कासवे आणि रानातली जनावरे प्रत्यक्ष पाहून चितारण्याची कला. साध्या निसर्गचित्रात खाडी, माड आणि उजेड साधला की भागते. इथे पक्षी नेमका कोणता हे चित्रावरून ओळखता आले पाहिजे. म्हणून ही कला अर्धी रंगपेटीची आणि अर्धी नोंदवहीची. चित्र सुंदर असून खंड्याच्या पायाची बोटे चुकली असतील, तर जाणकार ते बाजूला ठेवतात.

या किनाऱ्याने जनावरांची चित्रे फार जुन्या काळापासून जपली आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, कातळशिल्पे कोरलेली आहेत. त्यांत हत्ती, वाघ, मोर, मोरी मासा आणि पाकट हा लांब शेपटीचा चपटा मासा दिसतात. आज कोकणात कुठेही नसलेला गेंडाही त्यांत आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर हत्तीची भलीमोठी आकृती असून तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती कोरल्या आहेत. 2022 मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. पाकटाची शेपटी कुठून निघते हे कोरणाऱ्याला नीट ठाऊक होते, एवढे ती रेघ पाहून सांगता येते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांवरचे, म्हणजे खेळायच्या गोल रंगीत पत्त्यांवरचे, मत्स्य, कूर्म आणि वराह किंवा पिंगुळीच्या चित्रकथीतली, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेतली, जनावरे ही वेगळी परंपरा. तिथे प्राणी कथेसाठी येतो, निरीक्षणासाठी नाही.

निरीक्षणाची शिस्त आली ती पक्षिअभ्यासकांकडून. मुंबईत 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि तिच्याकडे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा मोठा संग्रह जमला. पिसाचा रंग, चोचीची लांबी पडताळायला चित्रकाराला हा संग्रह लागतोच. पण पेंढा भरलेला पक्षी बसतो कसा, मान कशी वळवतो, हे सांगत नाही. ते पाहायला किनाऱ्यावर यावे लागते. 1930 मध्ये नोकरी नसलेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच पुढचे विणकाम होते आणि मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हा उलगडा तिथला. सालिम अली चित्रकार नव्हते. पण एकाच झाडापुढे दिवसचे दिवस बसण्याचा त्यांचा धडा पक्षिचित्रकारांनाही लागू पडतो. पुढच्या पिढीत गोव्याचे कार्ल डिसिल्वा यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या, 1998 साली निघालेल्या ग्रिमेट आणि इन्स्किप यांच्या मार्गदर्शक ग्रंथासाठी चित्रे काढली.

मासे चितारणे सर्वांत कठीण, कारण रंग हातातून निसटतो. बांगडा पाण्याबाहेर आला की त्याच्या पाठीवर निळसर हिरवी झळाळी आणि डोक्याकडून शेपटीकडे जाणारे बारीक पट्टे लखलखीत दिसतात. बर्फात पडला की झळाळी जाते, उरतो राखाडी बांगडा, जो बाजारात आपण सगळेच पाहतो. म्हणून चित्रकार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असतानाच वाळूवर बसतो. रेखाटन मागाहून करता येते. आधी कागदाच्या कोपऱ्यात रंगांचे ठिपके लावून घ्यायचे आणि शेजारी पेन्सिलीने ‘पाठ’, ‘कल्ला’, ‘पोट’ असे लिहून ठेवायचे. माशाची शेपटी धरायला बहुधा घरातलेच पोर असते.

तिबोटी खंड्याची गत आणखी वेगळी. चिमणीहूनही लहान असा हा पक्षी पावसाच्या तोंडावर कोकणात विणीला येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. पोट पिवळेधमक, डोके नारिंगी आणि त्यावर जांभळी झाक, पाठ काळपट निळी, चोच आणि पाय लाल. पायाला तीनच बोटे, त्यावरूनच नाव पडले. नेमक्या त्याच दिवसांत जलरंग वाळत नाहीत. आषाढात कागद ओल धरतो आणि नारिंगी पाठीच्या निळ्यात पसरतो. मग कागद चुलीच्या उबेला धरायचा, फार जवळ नेला तर तो आकसतो.

निव्वळ या चित्रांवर संसार चालवणे अवघड. चित्रकार पाट्या रंगवतात, शाळेत चित्रकला शिकवतात, श्रावणात गणपतीच्या चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, बसतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात पक्ष्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपका अचूक टेकवतो, हा योगायोग नसावा. दोन्हीकडे ठिपका केसभर सरकला की नजर मेली.

चित्रकार गेल्यावर घरी उरते ती मुख्यतः चित्रवही. चौकटीतली चित्रे लोक विकत नेतात, वह्या घरातच राहतात. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे मोल जास्त, कारण तारीख, वेळ, भरती की ओहोटी, हे सगळे तिथे असते. तारीख नसेल तर चित्र नुसते चित्र. दमट हवेत या वह्यांना बुरशी, कसर आणि वाळवी तिन्ही लागतात. जुन्या पोथ्यांप्रमाणे त्यांतही वेखंडाचे तुकडे ठेवतात आणि दसऱ्यानंतर कोवळ्या उन्हात पाने उलगडतात. अशी वही पुष्कळदा दुतोंडी असते. पुढून धनेश, समुद्री गरुड, कासवाची पिल्ले. उलटी धरली की दुधाचा हिशेब, वाणसामानाची यादी आणि त्याखाली बापाच्या खंड्यासारखा पोराने काढलेला एक खंड्या, चार बोटांचा.