‘खाजनात सुधारित भात टिकत नाही’: अर्धेच खरे

गोव्यात हा समज जुना आहे, आणि त्याला कारणही तसेच. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात, लावलेली जया, ज्योती ही सुधारित भाते अनेकदा करपली. पण या जाती खाऱ्या जमिनीसाठी निवडलेल्याच नव्हत्या. मातीची क्षारता सुमारे 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साधे भात उत्पादनात घटू लागते. तरवा (लावणीपूर्वीची कोवळी रोपे) आणि फुलोरा या अवस्था सर्वांत नाजूक. फुलोऱ्यात खार लागला तर लोंबी वरून चांगली दिसते, आत पळींज, म्हणजे पोकळ दाणे.

जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान 1 ते 4 या क्षारसहिष्णू जाती दिल्या. पहिल्या दोन कोरगुट या खाजनातल्या गावठी भातातूनच निवडलेल्या. म्हणजे सुधारित आणि गावठी हा झगडाच चुकीचा मांडला जातो.

मात्र सहिष्णू जातही मिठात रुजत नाही. पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडून, ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, सोडा. हे दोन-तीनदा करून क्षार उतरल्यावरच पेरा. लावणीला 25 ते 30 दिवसांचा तरवा, एका चुडात (एका जागी) तीन रोपे. कोवळी रोपे आधी मरतात. आणि मानशीची फळी गळकी असेल तर कोणतेही बियाणे वाचत नाही.

उंच कोरगुट लोळतो, पण त्याची कुसळे, भरपूर पेंढा आणि उकड्या तांदळाची चव शेतकऱ्याला हवी असते. ही मागणी रास्तच आहे.