कॅसल गेस्टहाऊस

कॅसल गेस्टहाऊस म्हणजे युरोपातला जुना किल्ला किंवा तटबंदीचा वाडा जिथे आता पैसे भरून रात्री मुक्काम करता येतो. दिवसा तिकीट काढून बघून यायचं म्युझियम वेगळं आणि हे वेगळं, काही ठिकाणी तर दिवसा म्युझियम आणि रात्री मुक्काम असं दोन्ही एकाच भिंतीत चालतं. फाइव्ह स्टार हॉटेलपण यात आलं आणि बंक बेडवालं होस्टेलपण, त्यामुळे हे फक्त श्रीमंतांचं काम असं अजिबात नाही.

उलट स्वस्तातला प्रकारच बराच जुना आहे. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक १९०९ मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले, वाटेत वादळी पावसात अडकले आणि रात्र एका गावातल्या शाळेत काढावी लागली, त्यातून मुलांसाठी स्वस्त मुक्कामाची कल्पना सुचली आणि १९१४ पासून आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं होस्टेल सुरू झालं. जगातलं पहिलं युथ होस्टेल म्हणतात ते हेच, तिथल्या जुन्या झोपायच्या खोल्या म्युझियम म्हणून जपल्यात. ऱ्हाइनकाठी बाखाराखला श्टालेक नावाचा किल्ला आहे, १६८९ मध्ये फ्रेंचांनी तो उद्ध्वस्त केला, विसाव्या शतकात परत उभा राहिला आणि आज तोही युथ होस्टेल आहे.

स्पेनमध्ये हे काम सरकारच करतं. पारादोर नावाच्या सरकारी हॉटेलांची साखळी १९२८ ला ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झाली (ती पहिली इमारत नवीच बांधलेली होती, किल्ला नव्हे) आणि पुढे त्यात सिग्वेन्सा, कार्दोना असे किल्ले आले. सिग्वेन्साची तर गृहयुद्धात पार पडझड झाली होती, म्हणजे आज आपण ज्यात झोपतो त्यातलं बरंचसं नंतर बांधलेलं आहे, यावरून नाक मुरडणारे लोक आहेत पण बांधलं नसतं तर तिथे नुसते दगड उरले असते हेही तितकंच खरं. पोर्तुगालनेही ओबिदुशच्या किल्ल्यात १९५१ मध्ये असंच हॉटेल काढलं. आयर्लंडचं अ‍ॅशफर्ड कॅसल, मूळ १२२८ चं, १९३९ पासून हॉटेल आहे.

मालकांनी पाहुणे का घ्यायला सुरुवात केली याचं उत्तर बहुतेक वेळा छपरात असतं. एवढ्या मोठ्या इमारतीचं छप्पर, गटारं, चुन्याचे सांधे यांचा खर्च कधी संपतच नाही, आणि रिकामा किल्ला राहत्या किल्ल्यापेक्षा लवकर खराब होतो, कारण हीटिंग बंद, खिडक्या बंद, मग ओल धरते.

आता राहायचा अनुभव. जी वास्तू माणसं बाहेर ठेवायला बांधली तिथे सुटकेस घेऊन आत जायचं, त्यामुळे सगळ्या गैरसोयी तिथूनच येतात. मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून वाकून जावं लागतं, भिंती कुठे कुठे दोन-तीन मीटर जाड, त्यामुळे वायफाय एका खोलीत फुल आणि शेजारच्या खोलीत शून्य, मोबाईलची रेंज तर विसराच. बुरुजातली खोली सगळ्यांना हवी असते पण तिथवर जातो तो अरुंद गोल जिना, पायऱ्या एका बाजूला पसरट आणि आतल्या बाजूला निमुळत्या, मधोमध झिजलेल्या, वर दोरीचा कठडा, आणि संरक्षित वास्तू असल्याने लिफ्ट बसवायची परवानगी सहसा मिळत नाही. हा जिना वर चढताना उजवीकडे वळतो तो खालून येणाऱ्या शत्रूला तलवार चालवता येऊ नये म्हणून, असं गाईड हमखास सांगतात, पण अभ्यासकांना ते फारसं पटत नाही, डावीकडे वळणारे जिनेही पुष्कळ सापडतात.

खोलीतली खिडकी कधी कधी मूळची जंगी, म्हणजे बाण मारायची फटच असते, बाहेरून बोटभर फट आणि आतून माणूस बसेल एवढा कोनाडा, नंतर काच लावलेली. भिंतीबाहेर काढलेले शौचकूप मात्र आता फक्त बघायला, काही ठिकाणी तिथेच बाथरूमचे पाइप फिरवलेत. पडदेवाला चार खांबांचा पलंग फोटोत शाही दिसतो पण पडदे मुळात थंडी अडवायला आणि आडोशाला होते, कारण नोकरचाकर त्याच खोलीत झोपायचे. जाड दगड तापायला वेळ घेतो म्हणून वसंतात बाहेर ऊन असलं तरी आत गारठा असतो, स्वेटर न्यावाच.

बुकिंगची तऱ्हा जागेप्रमाणे बदलते. इंग्लंडमधलं डरहॅम कॅसल हे विद्यापीठाचं कॉलेज आहे, १८३७ पासून तिथे विद्यार्थी राहतात, त्यामुळे बाहेरच्यांना खोल्या मुख्यतः सुट्ट्यांमध्ये मिळतात. बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवार लग्नांनी अडवलेले असतात, तेव्हा मधल्या वारी जाणं सोपं. आणि नावात कॅसल असलं तरी खोली पलीकडच्या नव्या विंगमध्ये किंवा जुन्या तबेल्यात निघू शकते, म्हणून पैसे भरायच्या आधी खोली नक्की मूळ किल्ल्यात आहे का ते विचारून घ्यावं.