एएन-३२

एएन-३२ हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे, म्हणजे टर्बाइनच्या जोरावर प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनांचे, लष्करी मालवाहू विमान. कीव्हच्या आंतोनोव्ह संस्थेने ते सोव्हिएत काळात घडवले आणि त्याचे पहिले उड्डाण ९ जुलै १९७६ रोजी झाले. नाटोच्या दप्तरी त्याचे नाव ‘क्लाइन’. भारतीय हवाई दलाने त्याला ‘सतलज’ असे नाव दिले खरे, पण ते कागदावरच राहिले. तळावर सगळे ‘एएन-३२’च म्हणतात. अशी साडेतीनशेहून थोडी जास्त विमाने बनली आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश एकट्या भारताने घेतली. म्हणून विमान सोव्हिएत असले, तरी त्याची हकिगत बरीचशी लडाख आणि अरुणाचलात घडते.

हे विमान लांबून ओळखू येते ते इंजिनांवरून. इतर बहुतेक प्रोपेलर विमानांची इंजिने पंखांत बसवलेली किंवा पंखांखाली टांगलेली असतात. याची पंखांच्या वर चढवलेली, खांद्यावर पिंप घ्यावे तशी. याचे कारण त्याच्या घराण्यात आहे. आधीच्या एएन-२६ची इंजिने प्रत्येकी २,८२० अश्वशक्तीची होती आणि उष्ण, डोंगराळ मुलखात ती दमत. आंतोनोव्हने त्याच सांगाड्यावर पाच हजारांहून अधिक अश्वशक्तीची एआय-२० इंजिने बसवली. एवढी ताकद पेलायला प्रोपेलरही मोठा लागला, ४.७ मीटर व्यासाचा. तो जुन्या जागी मावेना, म्हणून इंजिने वर गेली. त्याचा आणखी एक फायदा झाला: कच्च्या धावपट्टीवरची माती-खडी इंजिनात जाण्याचा धोका कमी झाला.

एवढी ताकद कशासाठी, हे लेहला कळते. तिथली धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर आहे. हवा मुळात विरळ, त्यात ऊन चढले की आणखी विरळ होते. मग पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. सकाळी जेवढे वजन घेऊन विमान उठते तेवढे तेच विमान त्याच धावपट्टीवरून दुपारी उचलू शकत नाही. शिवाय दुपारी दरीत वारा सुटतो. त्यामुळे लेहची वाहतूक सकाळीच उरकण्याची रीत पडली.

विमानाची लांबी २३.८ मीटर, पंखांचा पसारा २९.२ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २७ टन. पोटात ६.७ टन माल मावतो, किंवा ५० प्रवासी, किंवा ४२ छत्रीधारी सैनिक, किंवा २४ स्ट्रेचर. मागचा दरवाजा मात्र थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. तो खाली उतरवला की गाडी चढायचा उतार होतो. पण तोच पुढे सरकवून विमानाच्या पोटाखाली घेता येतो. मग ट्रक थेट शेपटीखाली मागे घ्यायचा आणि माल एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ढकलावा तसा आत सरकवायचा. छताला धावती यारी असते, तिने जड पेट्या आत ओढतात. सैनिक असले तर बाजूच्या भिंतींना लागून घडीची आसने उघडतात आणि माणसे समोरासमोर बसतात. आवाज इतका, की शेजाऱ्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. उडी मारण्याआधी प्रत्येक जण आपल्या छत्रीच्या पट्ट्याचा हूक छताखालून गेलेल्या तारेत अडकवतो. सैनिक बाहेर पडला की पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते. आग्र्याच्या छत्रीधारी प्रशिक्षण केंद्रात कितीतरी जवानांची पहिली उडी याच विमानातून झाली आहे.

भारताला हे विमान हवे होते ते पॅकेट, डाकोटा आणि कॅरिबू या थकलेल्या विमानांच्या जागी. त्यांतल्या पॅकेटला तर हिमालय ओलांडण्यासाठी वरून एक जेट इंजिन जोडावे लागले होते. एएन-३२ची आवक १९८४ मध्ये सुरू झाली. २५ मार्च १९८६ रोजी सोव्हिएत संघाकडून येणारे एक नवे विमान मस्कतहून निघाल्यावर जामनगरला पोहोचण्याआधीच अरबी समुद्रावर नाहीसे झाले. आत सात जण होते. पुढे चंडीगड, आग्रा, जोरहाट आणि तमिळनाडूतले सुलूर हे या विमानांचे मुख्य तळ झाले.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी दिवस बहुधा ३१ मे २००८ हाच. लडाखमध्ये काराकोरम खिंडीच्या पायथ्याशी दौलत बेग ओल्डी येथे १९६२ च्या सुमारास बांधलेली कच्ची पट्टी ४३ वर्षे पडून होती. ती ५,०६० मीटरहून अधिक उंचीवर आहे. एएन-३२ला साडेचार हजार मीटरपर्यंतच्या धावपट्ट्या चालतात, असे बनवणाऱ्यांचे सांगणे. म्हणजे चंडीगडहून गेलेले विमान कारखान्याच्या हिशेबाबाहेर पाचशे मीटरवर उतरले आणि तिथून परतही उठले. त्याच वर्षी लडाखमधल्याच फुकचे आणि पुढच्या वर्षी न्योमा या ठिकाणीही ते उतरले. २०१३ मध्ये दौलत बेग ओल्डीला सी-१३०जे हे अमेरिकी मालवाहू विमान उतरले तेव्हा बातम्या खूप गाजल्या, पण पट्टी पुन्हा जागी करण्याचे श्रेय या जुन्या विमानाचे.

सामान्य माणसाच्या ओळखीचे एएन-३२ मात्र ‘कारगिल कुरियर’चे. हिवाळ्यात झोजीला खिंड बंद झाली की कारगिलकर अडकून पडतात. मग हवाई दलाचे विमान त्यांना श्रीनगर आणि जम्मूला ने-आण करते. परीक्षेला निघालेली मुले आणि दवाखान्यात न्यायचे रुग्ण, सगळे त्याच आडव्या आसनांवर. ईशान्येत काम निराळे. तिथे जिथे रस्ता पोहोचत नाही तिथल्या चौक्यांवर तांदूळ, मीठ, रॉकेल छत्र्यांना बांधून टाकायचे. दऱ्या अरुंद, ढग क्षणात उतरणारे.

या कामाची किंमतही मोजावी लागली. जून २००९ मध्ये अरुणाचलातल्या मेचुकाहून परतणारे विमान डोंगरावर आदळून १३ जण गेले. दहा वर्षांनी, ३ जून २०१९ रोजी, जोरहाटहून मेचुकालाच निघालेले दुसरे विमान हरवले. त्यातही १३ जण होते. आठ दिवसांनी लिपो गावाच्या उत्तरेला सुमारे १२,००० फुटांवर त्याचे अवशेष एमआय-१७ हेलिकॉप्टरमधून दिसले. कोणीही वाचले नव्हते. त्याआधी २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर गडप झाले होते. मोठी शोधमोहीम होऊनही हाती काही लागले नाही. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित पाणबुडी यंत्राने काढलेल्या छायाचित्रांत चेन्नईपासून ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल तळाशी त्याचे तुकडे ओळखू आले. नातेवाइकांना निदान जागा तरी कळली.

विमाने म्हातारी होत होती, म्हणून २००९ मध्ये युक्रेनशी १०५ विमानांच्या नूतनीकरणाचा करार झाला. आयुष्य २५ वरून ४० वर्षांवर न्यायचे, कॉकपिटातली यंत्रे बदलायची. ४० विमाने युक्रेनमध्ये आणि बाकीची कानपूरच्या दुरुस्ती आगारात, अशी वाटणी होती. कानपूरचे हे आगार हवाई दलाच्या ज्या देखभाल कमांडखाली येते, तिचे मुख्यालय नागपूरला आहे. २०१४ मध्ये रशिया-युक्रेन संबंध बिघडले आणि सुट्या भागांचा ओघ आटला. विमान घेतले ते सोव्हिएत संघाकडून, आणि भाग मागायची वेळ आली तेव्हा तो देशच नकाशावर नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये याच विमानाने जट्रोफा या झुडपाच्या बियांपासून काढलेले जैवइंधन दहा टक्के मिसळून चंडीगडहून उड्डाण केले. हे इंधन देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केले होते. प्रयोगासाठी जुने, भरवशाचे विमान निवडले हे बरोबरच.

बाकीचे देश पाहिले तर बहुतेक ठिकाणी ऊन, डोंगर, जंगल किंवा युद्ध यांपैकी काही ना काही आहेच: अफगाणिस्तान, अंगोला, इथिओपिया, सुदान, पेरू, कोलंबिया, मेक्सिको, बांगलादेश. पेरूत एकीकडे अँडीज आणि दुसरीकडे अ‍ॅमेझॉनचे जंगल, म्हणजे एएन-३२साठीच मांडलेला भूगोल. तिथे आता इटालियन सी-२७जे आली आहेत. श्रीलंकेत जाफन्याचा रस्ता यादवीत तुटला, तेव्हा पलाली विमानतळ सैन्याची जीवनरेषा झाला आणि एएन-३२ तिथे फेऱ्या मारत राहिले. क्रोएशियाकडे दोनच होती. इराकने घेतलेली सहा विमाने तर २०११-१२ सालची, म्हणजे उत्पादनाच्या शेवटाकडची. काही विमाने खासगी मालकांकडे, मुख्यतः आफ्रिकेत गेली. ८ जानेवारी १९९६ रोजी काँगोची राजधानी किन्शासाच्या न्दोलो विमानतळावरून त्यांतले एक प्रमाणाबाहेर माल भरून निघाले, उठलेच नाही आणि धावपट्टीपलीकडच्या भर बाजारात घुसले. जमिनीवरची दोनशेहून अधिक माणसे मेली.

भारतात त्याच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न रेंगाळला आहे. २०२१ मध्ये ठरलेली ५६ सी-२९५ विमाने अ‍ॅव्हरो या जुन्या मालवाहू विमानांच्या जागी आहेत, पण आकाराने आणि कामाने ती एएन-३२च्याच जास्त जवळची. त्यांतली ४० वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बनायची आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये हवाई दलाने नव्या मध्यम मालवाहूसाठी चाचपणी सुरू केली ती १८ ते ३० टन क्षमतेची, म्हणजे एएन-३२च्या जवळपास तिप्पट ते साडेचारपट. ब्राझीलचे सी-३९०, अमेरिकेचे सी-१३०जे आणि युरोपचे ए-४००एम ही त्यातली नावे.