तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे: रेव्हरंड टिळकांमागची गोष्ट

रेव्हरंड टिळक म्हटलं की शाळेतली त्या जखमी पक्षिणीची कविता आठवते, मग कुणीतरी म्हणतं 'ते ख्रिश्चन झालेले ना' आणि विषय तिथंच संपतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण देव, माणूस, जात यावर त्यांनी जे मांडलं ते आधी घरात सोसलेलं होतं.

नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन घर. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले, संस्कृत काव्यावरून बोलणं निघालं, त्यांनी हातात बायबलचा नवा करार दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी ठरवलं की वाचायचं आणि चांगलं वाटेल तिथं खूण करायची, पण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच थबकले, पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा.

घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या, परत नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं होतंच, पाणी वेगळं, स्वैपाक वेगळा, आणि टिळकांनी कधी जबरदस्ती केली नाही. मग एकदा त्या एकट्याच विचार करत बसल्या की जाती देवानं केल्या का माणसानं, आणि उठल्या ते ठरवूनच की इथून पुढं कुणाच्याही हातचं खायचं. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. मला तर टिळकांच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो.

टिळकांचं म्हणणं, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून परक्या चालीवरच्या भाषांतरित गाण्यांवर त्यांचं समाधान होईना, त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, टाळ घेऊन कीर्तनं केली, आणि नगरकडच्या ख्रिस्ती देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, ती भजनं आजही म्हणतात. पुढं ज्या ख्रिस्ती मिशनचं काम करत होते त्याचा पगारही नको झाला, १९१७ मध्ये तो सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही भाऊ म्हणून जागा होती.

१९१९ मध्ये ते गेले, ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अपुरंच राहिलं. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरं केलं.