पार्श्वभूमी : रेशनची गळती आणि रद्द कार्डांचा हिशेब

2025 च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम झाली. 2021 मध्येही झाली होती. अशा मोहिमेनंतर बातमीचा मथळा बहुधा ठरलेला असतो : इतकी कार्डं रद्द. देशातल्या सर्वांत मोठ्या अन्नयोजनेचं यश सांगताना हीच संख्या एवढी वर कशी आली, ते पाहायचं तर गेली पंचवीस-तीस वर्षं तपासावी लागतात.

त्याआधीचं थोडक्यात. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळसंहिता आल्या, त्यांत धान्याचे भाव आणि गाव सोडून निघालेली माणसं यांवरून संकट ओळखायचं असे. आपल्याकडची आणेवारी म्हणजे आजची पैसेवारी शेतातल्या पिकावरून ठरते. 50 पैशांच्या आत आली की टंचाईचा विचार सुरू. घरात काय शिजतं हा प्रश्न या कागदांवर नव्हता. रेशनच्या कागदांनीही हेच वळण उचललं. नियतन (मंजूर धान्य) किती, उचल (गोदामातून प्रत्यक्ष नेलेलं) किती, शिल्लक किती, एवढं जुळलं की तपासणी झाली.

1997 मध्ये केंद्राने कुटुंबांचे दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे भाग पाडले आणि धान्य ‘योग्य’ घरात गेलं का, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात 1 मे 1999 पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तिरंगी कार्डं आली. पिवळ्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांच्या आत हवं होतं, म्हणजे साऱ्या घराला मिळून महिन्याला 1,250. मजुरी करणाऱ्या दोघांच्या घरालाही ही मर्यादा सहज ओलांडता येत होती. ज्यांनी खरं उत्पन्न लिहिलं ते केशरीत गेले.

2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला. न्यायालयाने पुढच्या वर्षी नेमलेले आयुक्त वर्षानुवर्षं राज्याराज्यांतून अहवाल पाठवत राहिले. सरकारी यंत्रणेबाहेरची अशी सलग देखरेख रेशनने तोवर पाहिली नव्हती.

मग 2005 चा अहवाल आला. केंद्राच्या नियोजनाचं काम पाहणाऱ्या संस्थेतल्या मूल्यमापन विभागाने काढलेला हा निष्कर्ष पुढे प्रत्येक वादात आला : केंद्रीय साठ्यातून सवलतीच्या दराने दिलेलं सुमारे 58 टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालच्या घरांपर्यंत पोचतच नाही. गरिबाला एक रुपयाचा लाभ द्यायला सरकारचे 3 रुपये 65 पैसे खर्च होतात. या 58 टक्क्यांतलं 21 टक्क्यांच्या आसपास धान्य दारिद्र्यरेषेवरच्या घरांत गेलं होतं. पिवळं कार्ड हुकलेल्या शेतमजुराच्या घरात गेलेला गहू आणि गोदामातून परस्पर गिरणीत गेलेला गहू, दोन्ही एकाच बेरजेत बसले. पुढे ही बेरीज कुणी फारशी उलगडली नाही. रेशन बंद करून रोख रक्कम द्या म्हणणाऱ्यांना ती आयतीच मिळाली.

त्यानंतर गळती मोजायची रूढ रीत झाली ती अशी. घरोघरच्या उपभोग पाहणीत लोक ‘रेशनचं इतकं धान्य घेतलं’ असं सांगतात, त्याची राज्याची बेरीज काढायची, ती राज्याच्या उचलीतून वजा करायची, उरेल ती गळती. रीत सोपी आहे, म्हणूनच निसरडी. उचलीत कोणत्या योजनांचं धान्य धरायचं, पाहणीचे महिने आणि उचलीचे महिने जुळतात का, यावर उत्तर बदलतं. 2011-12 ची एकच पाहणी घेऊन एका अभ्यासात 46.7 टक्के गळती निघाली, दुसऱ्यात 41.7. दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ नावाजलेले, आणि कुणाचा कल कुठे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक. तरी एका गोष्टीवर दोघांचं दुमत नव्हतं. 2004-05 मध्ये निम्म्याहून जास्त असलेली गळती आधार जोडण्याच्या आधीच उतरू लागली होती. छत्तीसगडने तर खासगी दुकानदारांकडून दुकानं काढून घेऊन, धान्य दुकानाच्या दारात पोचवून आणि बहुसंख्य घरांना यादीत घेऊन हे साधलं होतं.

इथे एक मोठी पोकळी पडली. 2017-18 ची उपभोग पाहणी झाली, पण आकडेवारीच्या दर्जाचं कारण देऊन केंद्राने ती प्रसिद्ध केली नाही. पुढची पाहणी थेट 2022-23 ची. मधल्या अकरा वर्षांतच अन्नसुरक्षा कायदा लागू झाला, दुकानांत अंगठा घेऊन धान्यविक्री नोंदवणारं ई-पॉस मशीन आलं, कार्डांना आधार जोडले गेले. म्हणजे व्यवस्थेत सर्वांत मोठे बदल झाले त्या काळात तिचं मोजमाप होतं कुठे? ती जागा रद्द कार्डांच्या संख्येने भरून काढली.

2020 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने 2013 पासून 4 कोटी 39 लाख कार्डं रद्द झाल्याचं सांगितलं. बातम्यांत ती सगळी ‘बोगस’ झाली, आणि पाठोपाठ बचतीचा हिशेबही आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय हाच : वजाबाकीला यश मानण्याचा. रद्द कार्डांत खरोखर कुणीच नसलेली कार्डं असतात. दुबार असतात, मयतांची, स्थलांतर झालेल्यांची असतात. आधार जोडायचा राहिला म्हणून गेलेलीही असतात. शेवटच्या गटातलं माणूस जिवंत असतं, त्याच गावात असतं आणि भुकेलंही असू शकतं. पण तक्त्यात हे सगळे एकाच रकान्यात जातात.

झारखंडमध्ये हे नीट तपासलं गेलं. रद्द कार्डांच्या नमुन्याचा माग काढला तेव्हा बहुतेक कार्डं खऱ्या कुटुंबांची निघाली. तिथल्याच दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा कमी होते : नुसती अंगठ्याची सक्ती आणल्याने गळती घटली नाही. मशीनवरच्या नोंदीनुसार दुकानदाराचं पुढचं नियतन कापायला सुरुवात झाली तेव्हा ती घटली, पण त्याच वेळी खऱ्या लाभार्थ्यांच्याही हातचं धान्य कमी झालं. 2017 मध्ये सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तिच्या घराचं कार्ड रद्द झालेलं होतं. कुटुंबाने भूक सांगितली, प्रशासनाने मलेरिया. मशीन अंगठा लागल्याची नोंद करतं. पाच किलोच्या पावतीवर पिशवीत साडेचार पडले तर ते मशीनला कळत नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 28 मधलं सामाजिक अंकेक्षण म्हणजे लोकांच्या सहभागाने होणारी तपासणी, गावची दक्षता समिती आणि यादीचं चावडीवाचन यांच्याकडून ते कळायला हवं होतं. कागदावर तिन्ही आहेत.

2022-23 ची पाहणी आल्यावर 2024 मध्ये गळतीचा नवा अंदाज निघाला, 28 टक्के. लगेच वाद, आणि तो रास्त आहे. करोनाकाळातलं जादा मोफत धान्य डिसेंबर 2022 मध्ये थांबलं, पाहणी त्याच्या अलीकडे-पलीकडे चालली. जादा धान्याची कोणती उचल कोणत्या महिन्याशी लावायची यावर बरंच अवलंबून आहे. तरी अकरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी ठेवून पाहिलं तर उतरण दिसतेच.

आता महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. नाव लक्ष्याचं, काम झाकणाचं. 2011 च्या जनगणनेवरून ग्रामीण 76.32 टक्के, शहरी 45.34 टक्के लोक धरून राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थी ठरवून मिळाले. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे कायद्याने सवलतीचं धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 रुपये आणि शहरात 59,000 रुपये ठरली, 2014 च्या फेब्रुवारीत राज्यात कायदा लागू झाला. इष्टांक भरला की नवं नाव घ्यायला जुनं काढावं लागतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर ऐकलेली घरं कोणत्याही गळतीच्या आकड्यात येत नाहीत, कारण त्यांच्या नावाने धान्य निघतच नाही. देशभरातलं हे चित्र सर्वोच्च न्यायालयासमोर आलं ते असंघटित कामगारांच्या नोंदणीतून. 28 कोटींहून जास्त नोंदणीकृत कामगारांतले सुमारे 8 कोटी रेशन कार्डाविना होते. जनगणनेची वाट न पाहता त्यांना कार्डं द्या, असं न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं.

जनगणनेची संदर्भ तारीख आता 1 मार्च 2027 आहे. तिचे आकडे येऊन राज्यांचा कोटा नव्याने ठरेपर्यंत इष्टांक 2011 च्याच लोकसंख्येवर चालणार.