पॉवर केबल आणि होम ऑडिओचा आवाज

पॉवर केबल म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून अ‍ॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा), सीडी प्लेयर किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकरपर्यंत २३० व्होल्टची वीज नेणारी साधी वायर. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरना मागे कॉम्प्युटरसारखंच तीन पिनांचं सॉकेट असतं (आयईसी सी१४, १० अँपिअरचं), त्यामुळे बॉक्समधली केबल काढून दुसरी लावणं एकदम सोपं, आणि तिथूनच हजारांपासून लाखांपर्यंतच्या केबल्सचा बाजार सुरू होतो. जाड तांबं, पिनांना ऱ्होडियमचा मुलामा, शिल्डिंग (बाहेरची खरखर अडवणारं धातूचं आवरण), जपानच्या आत्सुमी ओनो यांच्या ओतकाम पद्धतीनं बनवलेलं ओसीसी तांबं, असं बरंच काही त्यात असतं, आणि दावा हा की बास घट्ट होतो, गाण्यामागची शांतता वाढते, गायकाचा आवाज पुढे येतो. पण मूळची केबल पुरेशी जाड असेल आणि पिना घट्ट बसत असतील, तर नुसती महाग केबल लावून आवाज सुधारत नाही.

याचं कारण अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात आहे. गाण्याचा सिग्नल या केबलमधून जातच नाही, जाते ती ५० हर्ट्झची वीज. ती आधी ट्रान्सफॉर्मरमधून उतरते, मग रेक्टिफायर तिला डीसी करतो, मग मोठे कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा चार्ज होऊन ती सपाट करतात, आणि स्पीकरला जो करंट मिळतो तो या कपॅसिटरमधल्या साठ्यातून मिळतो. पुढे प्रीअ‍ॅम्प, डॅक वगैरे नाजूक भागांना बहुधा वेगळे रेग्युलेटर असतात. एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय) असेल तर वीज डीसी करून परत हजारो हर्ट्झवर स्विच केली जाते, म्हणजे भिंतीतून आलेली लहर मूळ रूपात उरतच नाही.

आता आकडे बघू. दीड मीटरची १ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेतली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ०.०६ ओहम. अ‍ॅम्प्लिफायरनं २ अँपिअर ओढले, जे घरगुती आवाजाला भरपूर आहेत, तर केबलमध्ये ०.१२ व्होल्ट पडतो, २३० मधून ०.१२! हे डेसिबलमध्ये काढलं तर ०.००५ च्याही खाली, आणि तेसुद्धा फक्त अ‍ॅम्प्लिफायर जास्तीत जास्त किती वाजू शकेल त्यात, रोजच्या व्हॉल्यूमवर काहीच फरक नाही. शिवाय मेन बोर्डापासून हॉलच्या सॉकेटपर्यंत भिंतीत १५ मीटर २.५ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर तिचाच रेझिस्टन्स ०.२२ ओहमच्या आसपास, म्हणजे आपल्या केबलच्या जवळपास चौपट, आणि डीपीपासून बिल्डिंगपर्यंतची लाइन त्याच्याही आधी. शेवटचा दीड मीटर बदलून आधीच्या सगळ्या वायरिंगमधला दोष जाणार नाही. जपानमधल्या काही शौकिनांनी तर घरासाठी स्वतंत्र खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतलाय, खर्च प्रचंड आहे पण निदान विचार तरी पूर्ण लाइनचा आहे.

ऐकून बघण्याचे प्रयोगही झालेत. २००४ मध्ये अमेरिकेत नॉर्डोस्ट वॅलहाला ही हजारो डॉलरची केबल आणि साधी केबल डोळ्याआड बदलून ऑडिओ शौकिनांनाच ऐकवली, तर १४९ पैकी ७३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४९ टक्के, नाणं उडवूनही एवढी येतात. तरी लोकांना घरी फरक जाणवतो, आणि ते खोटं बोलत नसतात. कुठली केबल लागलीय हे माहीत असलं की मेंदू तसंच ऐकतो, केबल बदलायला काही मिनिटं जातात तेवढ्यात आधीचा आवाज नीट आठवत नाही, आणि जुनी पिन काढून नवी खोचताना सॉकेटमधला काळवंडलेला कॉन्टॅक्ट घासला जातो, तेव्हा कधी कधी आधीची खरखर खरंच जाते (ती जुनी केबल काढून परत लावली असती तरी गेली असती).

आपल्याकडे आवाज बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लाइट गेल्यावर स्पीकरमधून येणारी घरघर सगळ्यांनी ऐकलेली असते, तसंच दिव्याचा डिमर किंवा मिक्सर चालू केल्यावरची खरखर. सतत हम् येत असेल तर बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतो, टीव्हीची केबल लाइन किंवा डेस्कटॉप एका अर्थिंगवर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या. त्याला उपाय म्हणजे सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घेणं, नाहीतर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकणं. टर्नटेबल असेल तर पॉवर केबल कुठून जाते याला मात्र खरंच महत्त्व आहे, कारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (रेकॉर्डवरच्या सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या नेहमीच्या भागाचा) सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा आणि शेजारून गेलेली पॉवर केबल त्यात ५० हर्ट्झ सोडते. तिथे शिल्डेड केबल उपयोगी पडू शकते, पण दोन्ही वायरी लांब ठेवल्या किंवा काटकोनात ओलांडल्या की फुकटात काम होतं.

केबल घ्यायचीच असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आयएसआय मार्कची तीन कोअरची केबल बघावी, मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला १.५ स्क्वेअर एमएम भरपूर झाली. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्यांनी आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. हम् घालवायला काहीजण पिनटॉपमधली अर्थची वायरच कापतात, ते कधीच करू नये, मेटल बॉडीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आत फेज सुटली तर पूर्ण बॉडीला २३० व्होल्ट येतात आणि अर्थच नसल्यामुळे फ्यूज किंवा एमसीबी पडत नाही.